आमचा बांध पेटवायचा नाही

"मंग ती जाती कुठं?"

हा तिचा ठरलेला प्रश्न. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, औंदा पावसानं रानातली माती वाहून गेली, की ही पोरगी चालती चालती थांबायची, तिथंच उकिडवी बसायची, चिमूटभर माती तळहातावर घ्यायची आणि विचारायची, "मंग ती जाती कुठं?" बोलणारा आभाळाकडे बघायचा. माती आभाळात जात नाही हे त्यालाही ठाऊक असायचं, पण तिच्याकडे बघण्यापेक्षा ते सोपं.

ती माझ्या शेजारच्या घरातली. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं जेवायची बापाच्या घरी आणि भांडायला यायची माझ्याकडे. विद्यापीठात ती नैसर्गिक साधनसंपत्तीचं संवर्धन शिकत होती. एवढं लांबलचक नाव बापाच्या तोंडात मावायचं नाही. अंबडच्या बाजारात कुणी विचारलं की तो सांगून मोकळा व्हायचा, "बीएड करून राह्यली."

ती मागून ओरडायची, "अण्णा, खोटं कामून बोलता?"

पहिलं वर्ष बापानं निमूट शिकू दिलं. दुसऱ्या वर्षाआधी मात्र अट घातली. या पावसाळ्यात तुझं ते रानातलं काम पुरं झालं तर शीक, नाही तर मी दाखवीन त्या घरी जायचं. काम असं होतं की एका बांधावरचं गवत न कापता, न जाळता राखायचं आणि पाऊस झाल्यावर बांधावरून खाली येणाऱ्या पाण्यात माती किती, ते बघायचं. पण बापानं स्वतःचा बांध काही दिला नाही. "लोक म्हनतील, याला बांध साफ ठिवायची अक्कल न्हाई." मग ती आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिली.

"आजी, तुमचा बांध पायजे."

"घे की. बसमधून नेतीस का इथंच ठिवतीस?"

आमचं रान मुरमाड आणि उताराचं. तिला तसलंच हवं होतं.

आमच्याकडे वैशाखात कधी आला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल, पेरणीच्या आधी सगळे बांध पेटवतात. त्यातही एक शेजारधर्म आहे. ज्याच्या हातात काडी असेल त्यानं स्वतःचा बांध पेटवून झाला की शेजाऱ्याचाही पेटवून द्यायचा. विचारायचं नाही, सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं बोलावून चहा पाजायचा.

मी नवी नवरी होते तेव्हा या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पदर खोचून मी बांध असा काळाकुळकुळीत करायची की सासूबाई चारचौघींत म्हणायच्या, सून लई टापटिपीची. त्या एका वाक्यावर मी वर्षभर तरंगायची. एवढंसं कौतुक आणि केवढा तो तोरा! त्याआधी मला बघायला आले तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, पुढं शिकायचंय का? कॉलेजात जायचं म्हणून मी आदल्या दिवशी उपाशी बसले होते. आणि पाहुण्यांपुढं काय बोलले? "तुम्ही म्हणाल तसं." असली गुणी मुलगी आता कुठं भेटली तर मी तिच्या पाठीत धपाटा घालीन.

असो. त्या वैशाखात माझ्या धाकट्या दिरांनी त्यांचा बांध पेटवला आणि शेजारधर्म म्हणून आमच्या बांधालाही काडी लावली. भर दुपार होती. पोरगी धूर बघून अनवाणी धावत सुटली. लिंबाची फांदी मोडली आणि आगीला अशी झोडपायला लागली की दीर चार पावलं मागं सरकले. मी पोचले तेव्हा अर्धा बांध जळाला होता, अर्धा वाचला होता. तिच्या भुवया जळाल्या होत्या.

"वहिनी, मी तर मदत करून राह्यलो व्हतो," दीर बिचारे खरंच गोंधळले होते. "हिला काय झालं?"

बापही आला. त्यानं जळका बांध पाहिला, पोरीकडं पाहिलं. मला वाटलं, भाजलं का म्हणून विचारेल. तो म्हणाला, "झालं ना? फिटली ना हौस? आता बस घरी."

तिनं बांधावरूनच विद्यापीठातल्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा कर. तिच्याकडे पुढचं वर्ष नव्हतं. फोन ठेवला आणि ती बापाकडं वळली.

"अर्धा जळाला, अर्धा ऱ्हायला. दोनीखाली पानी धराया डबे पुरते. आता तर बराबर कळंल, जाळल्यानं काय व्हतं ते. सरांना मी पटवते."

"आन् उरलेला कुनी पेटवला तर?"

"मी बसते हितं. बघू कोन पेटवतंय."

आणि बसली की! पेरणीपर्यंत रोज छत्री घेऊन बांधावर. मीही जायची सोबतीला, सुपारी कातरत. येणारे-जाणारे टोमणे मारायचे. "काय आजी, गवताची राखण? चोर येत्यात का?" मी म्हणायची, "येत्यात ना. चहा प्यायची आशा असली की काडी घिऊन येत्यात." दीर काही दिवस आमच्या वाटेनं फिरकले नाहीत.

पाऊस झाला. डबे भरले. सरही शेवटी तयार झाले. ती माझ्या स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्या मांडून बसली होती तेवढ्यात बापाचा निरोप आला, घरी पाहुणे आलेत, चहा घेऊन ये. हे पाहुणे कशाला आले ते सांगायला नको. काम पुरं होण्याची वाट बापानं पाहिलीच नव्हती.

तिनं माझ्याच फडताळातून काचेचे ग्लास काढले आणि ट्रे भरला. मी मागोमाग गेले. असली मजा कोण सोडतं?

ट्रेमध्ये दोन ग्लास होते. एकात पाणी, जरासं गढूळ. दुसऱ्यात तांबूस, दाट, अगदी टपरीवरच्या चहासारखं. मुलाचे मामा बोलण्याच्या नादात होते. त्यांनी तो दुसरा उचलला आणि ती तोंड उघडायच्या आत मोठा घोट घेतला.

त्यांचे गाल फुगले. डोळे मोठे झाले. ते उठून दाराकडं निघाले.

"थुकू नका मामा," ती म्हणाली. "आजीचं रान हाये त्यात."

मामा बाहेर जाऊन थुंकलेच. मुलगा मात्र हसला, आणि त्याबद्दल त्याच्या आईनं त्याला कोपरानं ढोसलं.

पाहुणे गेल्यावर बाप तिच्यापुढं येऊन उभा राहिला. "माझी इज्जत घालवली तू."

"अण्णा, अट तुमचीच हाये. काम पुरं झालं का न्हाई ते सांगा. हे जळक्या बाजूचं, हे गवताच्या बाजूचं. बघा तरी."

त्यानं बघितलं नाही. दोघंही एकाच मातीचे, कोण आधी हलणार? शेवटी ती म्हणाली, "मंग मी जाते." तिनं पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेली. बाप दारात आला नाही. पण अडवायलाही आला नाही.

तिचं शिक्षण पुरं झालं. आता ती परराज्यात कुठल्याशा डोंगराळ भागात पाणलोटाचं काम करते आणि तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत भांडते. तिच्याविना आमचा ओटा फार शांत झालाय. ही शांतता मला सोसत नाही.

या वैशाखात पुन्हा सगळीकडं धूर होता. दीर नेहमीप्रमाणं काडी घेऊन तिच्या बापाच्या बांधाशी आले. बाप गुडघ्याएवढ्या वाळल्या गवतात उभा होता.

"माझा ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"कामून? लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे. बांध माझा हाये. काडी लावून दाखव."

दीर खांदे उडवून निघून गेले. मग बापाची नजर माझ्यावर पडली. मी पदराआड हसत होते, ते त्याला दिसलंच असणार.

"काकू, तिला फोनवर सांगू नका. लई माजंल ती."

मी शब्द दिला, फोनवर अक्षर बोलणार नाही. लिहिणार नाही, असं मी कुठं म्हटलं होतं?