गोणपाटाची वर्तुळं

तेल प्यालेल्या वाळूवर उन्हं कलली की तिच्यातून एक वास सुटतो, थोडा आगगाडीच्या रुळांसारखा, थोडा तापून गार होत चाललेल्या तव्यासारखा. माझ्या बालपणीच्या बहुतेक संध्याकाळींना हाच वास येत असे. माझे वडील, म्हणजे आमचे नाना, रेल्वेत इंजिनियर होते, आणि सोलापुरासारख्या, नळाच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या गावात त्यांना गोल्फचं वेड लागलं होतं. हिरवळ आणायची कुठून? माळावर बाभळी होत्या, पिवळी पडलेली कुसळं होती आणि आमच्यावर सदैव रागावलेल्या टिटव्या होत्या. चेंडू ज्या भोकात जायचा त्याच्याभोवती इतर गावी मखमली गवत असतं म्हणे. आमच्याकडे इंजिनाचं जुनं तेल शिंपून, चोपून बसवलेली तपकिरी वाळू होती. सगळे तिला नुसतं ‘ब्राऊन’ म्हणत.

त्या ब्राऊनचा एक रिवाज होता. खेळ झाला की आपल्या पावलांचे ठसे मागे टाकून निघून जायचं नाही. काठीला बांधलेलं गोणपाट भोकापाशी टेकवायचं आणि गोल गोल फिरत, वर्तुळ मोठं करत, ते ओढत बाहेर यायचं. म्हणजे सगळ्यांचे ठसे पुसले जात आणि शेवटी आपलेही. मागून येणाऱ्याला वाळू कोरी मिळाली पाहिजे, हा त्यामागचा धर्म. हे काम माझ्याकडे असे आणि मी ते हटकून उलटं करी. कडेपासून सुरुवात करून मध्यावर येई आणि भोकापाशी अडकून उभी राही, कारण बाहेर पडायचं तर पुन्हा ठसे उमटणार. मग नाना कमरेवर हात ठेवून ओरडत, “छबे, मधून सुरू कर गं, कडेला संपव!” त्या ओरडण्यात राग नसे. सूर्य बाभळींआड गेलेला असे, वाळू पायांना कोमट लागत असे, आणि ती हाक साऱ्या माळभर पसरत असे.

आता त्या माळावर बंगले उभे आहेत, आणि नानांच्या मनातही बरंच काही बुजत चाललं आहे. गेल्या दिवाळीपासून ते मला ‘अहो बाई’ म्हणतात. चहा दिला की संकोचून म्हणतात, “उगीच त्रास तुम्हाला.” एरवी माणसानं हवं तर चार शिव्या घालाव्यात, पण इतक्या अदबीनं परकं करू नये. पोटच्या पोरीला वडिलांच्या तोंडून एकदा ‘छबे’ ऐकायचं असावं, यात मोठंसं काही नाही. पण या वर्षात मी देवाकडे दुसरं काहीही मागितलेलं नाही.

माझा मुलगा पुण्यात गोल्फ खेळतो. त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याला भोक किती लांब आहे ते सांगतं, खेळायच्या काठीच्या मुठीत बसवलेलं यंत्र त्याचा प्रत्येक फटका टिपून ठेवतं, आणि संध्याकाळी तो आपल्या चुकांचे आलेख पाहत बसतो. आजोबा डोळे बारीक करून, चिमूटभर माती हवेत सोडून वारा जोखत जे अदमासानं करत, ते सारं आता आकड्यांत आलं आहे. त्यानंच मला सोलापुरातल्याच अंबादासअण्णांचा पत्ता दिला. अण्णा टॉवेलवाले, त्यांच्या मागांवर विणलेले गोल्फचे टॉवेल परदेशी जातात. आपला टॉवेल जातो तरी कुठे, हे पाहायला ते एकदा जाऊन आले आणि येताना खेळाचं खूळ घेऊन आले. जुन्या मागांच्या शेडमध्ये त्यांनी भिंतभर पडदा, हिरवा गालिचा आणि चेंडूवर नि खेळणाऱ्यावर नजर ठेवणारे कॅमेरे बसवले आहेत; फटका खरा मारायचा, मैदान पडद्यावर.

मोहरलेल्या कडुनिंबाचा वास रस्ताभर दरवळत होता, अशा एका सकाळी मी नानांना तिथे घेऊन गेले. पडद्यावर कुठल्याशा समुद्रकाठचं मैदान होतं. नानांनी सवयीनं वाकून चिमूटभर माती शोधली. गालिच्यावर माती कुठली! वारा पडद्याच्या कोपऱ्यात बाणानं दाखवला होता. मग त्यांनी काठी हातात घेतली, आणि मला हुंदकाच आला, कारण खांद्यांचा तो डौल, टाच किंचित उचलण्याची ती लकब, सगळं जागच्या जागी होतं. चेंडू पडद्यावर आदळला. वेग, कोन, फिरकी असे आकडे उमटले, आणि नानांचा फटका संथ होऊन पुन्हा दिसू लागला. यंत्राला मी नावं ठेवणार नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं निरखून कधीच पाहिलं नव्हतं.

“काका, लई भारी!” अण्णा म्हणाले. “खांदा तेवढा लवकर फिरतोय की.”

शेवटी पडद्यावरचा चेंडू भोकात गेला आणि पडद्यातून टाळ्या वाजल्या. नाना मात्र वळून कोपरे धुंडाळू लागले. “गोणपाट कुठंय?”

“काका, हितं पुसायचं काय नसतंय,” अण्णांनी समजावलं. “समदं साठून ऱ्हातंय.”

नाना कासावीस झाले. मागचे लोक खोळंबलेत, असं कसं निघायचं, असं पुटपुटत जागचे हलेनात. भिंतीशी रचलेल्या गठ्ठ्यातला एक टॉवेल मी ओढला, आणि गालिच्यावर, घाईघाईत, कडेकडून फिरवू लागले.

“छबे! मधून सुरू कर गं, कडेला संपव!”

मी तशीच वाकलेली राहिले. मग भोकापाशी, म्हणजे जिथे भोक असायला हवं होतं तिथे, गेले आणि वर्तुळ मोठं करत करत बाहेर आले. डोळ्यांतलं पाणी गालिच्यावर पडत होतं. अण्णा बाजूला सरकले. नानांनी मान डोलावली आणि काठी ठेवून दिली.

परतताना रिक्षा सात रस्त्याच्या गर्दीत अडकली, तेव्हा नानांनी अदबीनं विचारलं, “बाई, तुम्हाला कुठं उतरायचंय?” तेवढ्यात माझ्या फोनवर सकाळचा सारा खेळ येऊन पडला, प्रत्येक फटका चित्रासकट. मी अण्णांना फोन लावला. आवाज टिपला गेला का हो, शेवटचा?

“आवाज न्हाय हो ताई,” ते हळहळून म्हणाले. “ते नुसतं फटका बघतंय.”

तो टॉवेल अण्णांनी परत घेतला नाही. आता दर रविवारी आम्ही जातो. नाना खेळतात, आकडे उमटतात, कुठेतरी साठून राहतात. चेंडू भोकात गेला की मी टॉवेल उचलते आणि मुद्दाम कडेपासून सुरुवात करते. उलटंच फिरत मध्यावर येते, अडकून उभी राहते, आणि पाठीमागे कान लावते.