पगारेमामांच्या दोन चकत्या

भर नदीत, गुडघाभर पाण्यात उभं राहून मी पगारेमामांना शिव्या घातल्या होत्या.

काल सकाळी मामा गेले. म्हणून आज हे लिहितेय.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी नवीकोरी डॉक्टर, पेठकडच्या डोंगरात दवाखाना आणि दिमतीला लष्कराच्या लिलावातली जुनी जीप. पहिला पावसाळा बघून ड्रायव्हर पळाला, मग मीच चालवायला लागले. बरी चालवायचे. बरी कसली, झकास चालवायचे!

मामा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. रविवारी नाशिकला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची जीप उघडून बसायचे.

स्प्रिंगचे पाटे वाढवून त्यांनी ती उंच केली. सायलेन्सरचा पाइप टपापर्यंत वर नेला. पाणी उडून इंजिन बंद पडू नये म्हणून डिस्ट्रिब्युटरला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली.

आणि पुढच्या दोन चाकांवर बसवल्या दोन चकत्या, स्वतः लेथवर घडवलेल्या. चकती हाताने फिरवली की पुढचं चाक इंजिनाला जोडलं जाणार, नाहीतर ते मोकळं फिरणार. एरवी रस्त्यावर पेट्रोलची बचत. मामांना या कामाचा फार अभिमान होता.

त्यांचा नियम एकच.

"बाई, नदी आली की आधी खाली उतरायचं. चकत्या फिरवायच्या. मग चालत पलीकडं जाऊन यायचं. तुमचा पाय ठरत नाय तिथं चाक बी ठरत नाय."

"हो मामा," मी म्हणायचे. आणि पाळायचेही.

एक दिवस सोडून.

त्या दिवशी मागे जनी होती. पहिलटकरीण, पोटात बाळ आडवं. नाशिकला नेऊन ऑपरेशन केल्याशिवाय दोघंही वाचणार नव्हती. नदी रोजच्या पायाखालची, पाणी फार नव्हतं. मी उतरले नाही. सरळ गाडी घातली.

मधोमध मागची चाकं वाळूत रुतली. चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारा दांडा ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. पुढची चाकं ढिम्म.

"पानी आत येतंय वो बाई!" जनीची सासू ओरडली.

मी खाली उडी मारली आणि मामांच्या नावाने जे तोंड सोडलं, ते इथे लिहिता येणार नाही. म्हटलं, या माणसाने मला फसवलं.

मग एकदम आठवलं. चकत्या!

पाण्यात हात घालून चाचपडत एक फिरवली. गाडीला वळसा घालून दुसरी फिरवली. परत बसले, पहिला गिअर टाकला आणि जीप गुरगुरत बाहेर आली. जनीचं ऑपरेशन वेळेत झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पुढच्या रविवारी मान खाली घालून मामांकडे गेले. सगळं सांगितलं. शिव्यासुद्धा.

मामा हसले नाहीत. पाना घेतला, जमिनीवर बसले आणि दोन्ही चकत्या काढायला लागले.

"अहो मामा, चूक माझी होती! मी उतरलेच नाही."

"घाईतल्या माणसाला जे ध्यानात ठेवायला लागतं, ते मी बसवायलाच नको होतं."

"आणि पेट्रोल?"

"जाऊ द्या पेट्रोल. पेशंट जायला नको."

पुढची चाकं त्यांनी कायमची जोडून टाकली. त्यानंतर सहा पावसाळे मी ती जीप चालवली. एकदाही कुणाला ती ओढून काढावी लागली नाही. छाती फुगवून सांगते.

काल त्यांच्या घरी त्रिशरण-पंचशील झाल्यावर त्यांची मुलगी सुजाता आतून एक तेलकट फडकं घेऊन आली. त्यात त्या दोन चकत्या. गंजाचा ठिपका नाही.

"बाबा नवीन फिटरांना दाखवायचे या," ती म्हणाली. "सांगायचे, ही माझी चूक. हिच्यापायी एक बाळंतीण नदीत अडकली होती."

"आणि गाडी कोण चालवत होतं, ते?"

"ते कधीच नाही सांगितलं. का हो?"

मी तिथे फक्त रडले.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते, सुजाता. गाडी मी चालवत होते. चकत्या चोख होत्या. उतरले नव्हते मीच.

मामा, तुमच्या कामात खोट नव्हती.

जय भीम. निवांत जा.