होडीचा पार्ट टू

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही, ते साचत जातात. एकाला हात घातला की खालचे चार वर येतात! परवा भाच्याने कॉम्प्युटरवर एक जुना गेम लावून दिला. बघतो तर आमची होडी! आणि तीही पार्ट टू! मी त्याला म्हटलं, "अरे, याच गेमने रत्नागिरीतलं एक दुकान बुडवलं." त्याला वाटलं, मामा थापा मारतोय.

*

दुकान अण्णांचं, एस.टी. स्टँडच्या मागे. अण्णा संगमेश्वरकडचे. मुंबईत गिरणी बंद पडली तसे बायकोकडे परत आले आणि व्हिडिओ गेमचं एक मशीन घेऊन बसले. खडकांतून होडी काढायची, बस्स! पण आमचं कॉलेज वर्गात कमी आणि तिथे जास्त भरायचं. अण्णा खुशीत असले की म्हणायचे, "आयुष्यभर खानावळीत जेवलो. आता तुमच्या काकीच्या हातचा जेवीन नि हितंच मरीन!" दुकान चाललं तरच ते घरी राहणार, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं.

*

मग पार्ट टू आला. जुनं मशीन देऊन अण्णांनी नवं घेतलं. आता नव्या वस्तूपुढे नारळ वाढवायला नको? अण्णांनी तो मशीनच्याच कोपऱ्यावर फोडला! पाणी सगळं बटणांत. होडी डावीकडे वळेचना.

मन्या, आमचा चॅम्पियन, ओरडला, "अण्णा, डावीकडे जात नाही!"

"मग उजवीकडना जा. दर्या काय कमी हाय?"

*

बटणं वाळली, पण गेम काही पोरांना रुचेना. पहिल्या भागात नुसती होडी होती. यात होडीवर खलाशी, त्यांना तांदूळ, पाणी, वर वादळं. आज खेळताना वाटतं, बनवणाऱ्याचं डोकं केवढं पुढे चालत होतं! तेव्हा मन्याने तांदूळ न घेताच होडी हाणली. वाटेत खलाशी उपाशी मरायला लागले. एक मेला की पडद्यावर एक काळी फुली.

मन्या वैतागला, "घरी आईला पानं घ्यायला मदत करत नाही मी, आणि इथे यांचा स्वयंपाक बघू?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "पयल्यात होडी रिकामी व्हती रे. हिच्यात माणसा हायत."

*

मन्या तरी हट्टी. तांदूळ-पाणी सांभाळत एकदाचा शेवटच्या बंदरात शिरला. आम्ही टाळ्या वाजवणार, तोच पडदा काळा! आणि होडी परत पहिल्या खडकाशी. मन्याने मशीनला लाथ घातली आणि तो निघून गेला, तो कायमचाच. त्याच्यामागे बाकीचेही गेले.

अण्णांनी कोल्हापूरहून मेकॅनिक बोलावला. त्याने मशीन उघडलं, पाहिलं, बंद केलं. "मशीन ओके आहे. बनवणाऱ्यानेच शेवट केलेला नाही."

"आमच्या गिरनीचा पन तसाच झाला," अण्णा म्हणाले.

*

दुकान बसलं. अण्णांना मुंबईत पुन्हा नोकरी लागली, त्यांच्याच बंद गिरणीच्या गेटवर, वॉचमनची! मी विचारलं, "अण्णा, आता तिथे राखायला काय उरलंय?"

"कुलूप."

मी हसलो नाही. हसण्यासारखं तोंडच नव्हतं त्यांचं.

*

मशीन न्यायला टेम्पो आला, त्याच दिवशी अण्णांची मुंबईची गाडी होती. निरोप द्यायला आम्ही चार पोरं जमलो होतो. काकी भाकरीचं गाठोडं घेऊन आल्या होत्या, दारातच उभ्या. अण्णांनी आजवर एकदाही गेम खेळला नव्हता. दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या जागी बसू नये म्हणत. त्या दिवशी बसले.

घाई नाही, काही नाही. प्रत्येक बेटावर थांबले, तांदूळ भरला, पाणी भरलं. वादळ आलं की आडोशाला राहिले. एकही फुली पडली नाही! होडी शेवटच्या बंदराच्या तोंडाशी आली, तसे आम्ही ओरडलो, "अण्णा, घाला आत!"

अण्णांनी बाहेरच नांगर टाकला. नांगर टाकला की या गेममध्ये खलाशी डेकवर ओळीने जेवायला बसतात. ते बसलेले पाहून अण्णा उठले. पिशवी उचलली, काकींच्या हातून गाठोडं घेतलं, "येतो" म्हणाले आणि स्टँडकडे गेले. मागे वळूनही पाहिलं नाही.

टेम्पोवाला प्लग काढायला वाकला. काकी कधी नव्हे त्या दुकानात शिरल्या आणि त्यांनी त्याचा हात धरला.

"थांब रे बाबा. जेवतायत ती."