रेडिओबाईंचा मुका महिना

शाळेतली मुलं चित्रकलेच्या बाईंना पाठीमागे रेडिओबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, पण राग यायचा नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. वर्गात पाऊल टाकलं की त्या सुरू व्हायच्या आणि घंटा झाल्यावरच थांबायच्या. "आभाळ वरून खाली फिकट करत आणा. दार मधोमध हवं. अगं, झाड असं वाकडं असतं का? कागद भरा, कागद भरा!" बाई फळ्यावर चित्र काढायच्या आणि अख्खा वर्ग ते उतरवून घ्यायचा. वार्षिक प्रदर्शनाच्या आधी सगळा गठ्ठा घरी न्यायचा, जेवणाच्या टेबलावर पसरायचा आणि एकेका चित्रावरून आपला हात फिरवायचा, हा त्यांचा नेम. इथे थोडी सावली, तिथे चार पक्षी. बाईंचा हात सफाईदार, त्यामुळे प्रदर्शन देखणं व्हायचं. फक्त सगळी चित्रं एकाच आईची लेकरं वाटायची.

यात त्यांच्या मनात वावगं काहीच नव्हतं. मुलांचं कौतुक व्हावं, आईबापांनी हसत घरी जावं, एवढाच हेतू. त्या स्वतःही अशाच शिकल्या होत्या.

मग एकदा घसा बसला तो बसलाच. मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफ घेऊन झाली. शेवटी डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "स्वरयंत्रावर बारीक गाठी आल्यात. घाबरण्यासारखं काही नाही, पण महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

घरी नवऱ्याने ही बातमी सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "महिनाच? वर्षभराचं औषध नसतं का रे?" बाईंना हसायचीही चोरी. पण त्याच सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सुनेसाठी खुणांची भाषा ठरवून टाकली: कान धरला की चहा, नाक धरलं की दूध उतू जातंय.

शाळेत बदली शिक्षक मिळेना. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या वर्गात बसा. मारामाऱ्या होऊ नयेत, बस्स."

पहिल्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'मला बोलायची बंदी आहे.' वर्गाने ते वाचलं आणि मग जो मासळीबाजार भरला, विचारू नका. बाईंनी घाईघाईने फळ्यावर नेहमीचं घर काढलं, मधोमध दार असलेलं.

"बाई, दार मधेच का?" मागून कुणीतरी विचारलं. "आमचं तर कोपऱ्यात आहे."

"आमच्याकडे दोन दारं आहेत!"

"आमच्या दारात सायकल असते. दार दिसतच नाही."

एरवी बाईंनी तिघांनाही एका वाक्यात गप्प केलं असतं. आज त्या खडू हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. भांडण वाढत गेलं, आणि प्रत्येकाचं घर खरंच वेगळं निघत गेलं. उत्तर देता येईना, तेव्हा बाईंनी फळा पुसला आणि हातानेच खूण केली: काढा तुमचं तुम्ही.

त्या महिन्यात बाई बाकांमधून फिरायच्या आणि मुलांशेजारी बसायच्या. गंमत अशी की बाई गप्प बसल्या की मुलं आपणहून बोलायची.

वर्गात एक बारीकशी मुलगी होती, सगळे तिला चिमणी म्हणत. ती नेहमी कागदाच्या कोपऱ्यात बोटभर काहीतरी काढायची आणि बाकी कागद कोरा सोडायची. तिच्यावर ओरडून बाईंचा निम्मा घसा गेला असेल. त्या दिवशी बाई शेजारी बसल्या, तर ती कागदावरून हात फिरवत म्हणाली, "बाई, हे रिकामं नाहीये. हे पटांगण आहे. सगळे घरी गेले की पटांगण एवढं मोठं होतं. बाबा बस चालवतात ना, त्यांना सुटायला उशीर होतो, मग मी इथे थांबते." आणि मग अगदी सहज म्हणाली, "मागच्या प्रदर्शनाला तुम्ही यात खेळणारी मुलं काढली होतीत. छान दिसत होती. पण तेव्हा तिथे कुणी नव्हतं."

बाईंनी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

त्या वर्षी चित्रांचा गठ्ठा घरी गेला नाही. मुलांनीच चित्रं निवडली आणि दोरीवर चिमटे लावून टांगली. मुख्याध्यापिका पाहून धास्तावल्या. "बाई, हे असं अर्धवट?" बाईंनी हात जोडले. मुख्याध्यापिका चिडल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच.

प्रदर्शनाला आलेले पालक एरवी चहा घेऊन पांगायचे. यंदा ते आपापल्या मुलाच्या चित्रापाशी रेंगाळले. खाकी गणवेशातला एक बसचालक कोपऱ्यातल्या ठिपक्यापुढे वाकून म्हणाला, "ही एवढीशी कोण गं?"

"मी," चिमणी म्हणाली.

त्याची नोकरीच तशी, त्यामुळे पुढे तो रोज वेळेवर यायला लागला असं काही नाही. पण उशीर होणार असला की शाळेत फोन यायचा, शिपाईकाका चिमणीला निरोप द्यायचे आणि तिला आत आपल्या स्टुलाशेजारी बसवायचे.

महिना संपला आणि आवाज परत आला, जरा घोगरा. वर्गात मुलं श्वास रोखून बसली होती. बाईंनी विचारलं, "आज काय काढूया, सांगा बरं?" एकदम दहा हात वर झाले.

"बाई, तुम्ही काय काढणार?" चिमणीने विचारलं.

बाई चपापल्या. कित्येक वर्षं त्यांनी दुसऱ्यांचीच चित्रं सुधारली होती, स्वतःचं एकही काढलं नव्हतं. त्या मुलांमध्येच बसल्या आणि आठवणीतून सासूबाईंना काढलं: खुर्चीत डुलकी लागलेली, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या टोकावर. रेषा वाकडी गेली, खुर्चीचा एक पाय आखूड झाला. मुलांनी गराडा घातला होता, पण त्यांच्यातल्या एकानेही ब्रश हातात घेऊन तो पाय लांब करून दिला नाही. बाईंना वाटलं, या पोरांचे पाय धरावेत.

संध्याकाळी सासूबाईंनी चित्र लांब धरलं, जवळ आणलं. "माझं तोंड एवढं मोठं आहे?"

"तुम्हाला काय दिसतंय, आई?"

सासूबाईंनी चष्मा नाकावर वर ढकलला. "म्हातारी दमलीय गं," त्या म्हणाल्या. "पण झोप गाढ आहे. घरात कुणीतरी जागं आहे, असा तिला भरवसा दिसतोय."

बाईंचा आवाज परत आला होता, तरी त्यांनी नुसता कान धरला आणि त्या चहा टाकायला उठल्या.