दुपारचं माप

गॅरेजवाल्यांचा एक नियम होता, पेट्रोलचं मोजमाप सकाळी करायचं. दुपारी पत्रा तापला की पेट्रोल डोळ्यांदेखत उडून जातं, आणि वास डोक्यात चढतो तो वेगळाच. त्यामुळे साकीनाक्याला माझ्या मोठ्या भावाचं पत्र्याचं गॅरेज होतं तिथे असली कामं दहाच्या आत उरकायची. नियम शहाणपणाचाच होता. त्याच नियमाने माझं वाटोळं केलं.

ऐंशी सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. आम्ही घाटकोपरला राहायचो. वडिलांची गिरणी सुटली होती आणि घर दादाच्या गॅरेजवर नि माझ्या पगारावर चालायचं. मी एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक होते. सहायक म्हणजे काय, तर प्रयोग पोरांनी करायचे आणि काचेची भांडी मी धुवायची. स्टॉपवॉच कपाटातून काढून द्यायचं, परत मोजून घ्यायचं. स्वतः काही मोजावं असं माझ्या फार मनात यायचं, पण मला कोण विचारतंय?

तेवढ्यात दादाला शेठ भेटला. शेठ म्हणजे सांताक्रूझचा एक पंचविशीतला पोरगा, बापाचा कापडाचा धंदा, ह्याला शर्यतीचं वेड. एक जुनी फियाट घेऊन त्याने दादाकडे दिली, म्हणाला हिला पळवून दाखव. इंजिन दादाने असं काही बांधलं की विचारू नका. दोन कार्बोरेटर, आवाज ऐकून शेजारचे लेथवाले बाहेर यायचे. आता एवढ्या इंजिनाला पेट्रोलही तेवढंच लागणार, आणि ते पुरवणार कसं हा प्रश्न होता. शेठने कबूल केलं होतं की गाडीने शर्यत पुरी केली तर तो अंधेरीला मोठं वर्कशॉप काढणार, दादा तिथला हेड. आणि दादाने मला कबूल केलं होतं, "टेस्टिंगचं टेबल तुझं. मग बाटल्या धुणं बंद." मी त्या टेबलाची किती स्वप्नं पाहिली हे सांगायला आज लाज वाटते.

पेट्रोल पुरवायच्या तीन तऱ्हा होत्या. एक इंजिनावरचा मूळचा पंप, इंजिन फिरलं की फिरणारा. दुसरा शेठने परदेशातून आणवलेला विजेवरचा पंप, चांदीसारखा लखलखीत. तो त्याला बॉनेटखाली, इंजिनाच्या शेजारीच हवा होता, बॉनेट उघडलं की दिसला पाहिजे म्हणून. तिसरी तऱ्हा दादाने सहज करून पाहिली होती. कुर्ल्याच्या भंगारातून आणलेले दोन छोटे विजेचे पंप, मागे टाकीच्या बुडाशी जोडीने लावलेले. दिसायला अगदी भिकार.

मोजायला मी होते. लॅबचं स्टॉपवॉच न विचारता डब्याच्या पिशवीतून आणायची, सोबत एक मोजपात्र. कार्बोरेटरच्या तोंडची नळी काढून त्यात सोडायची आणि एक लिटर भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. सकाळी सकाळी तिन्ही तऱ्हा मोजल्या, प्रत्येक पाच-पाच वेळा. मूळचा पंप पार मागे पडला. भंगारातली जोडी बरी निघाली. शेठचा पंप सगळ्यांच्या पुढे. दादा खूश, शेठ त्याहून खूश. मी वहीत लिहून ठेवलं.

माझ्या मनाला मात्र पटेना. शर्यत काय सकाळी आठला होणार होती? एका शनिवारी कॉलेज लवकर सुटलं, दादा जेवायला गेला होता. मी एकटीने इंजिन चालू केलं, बॉनेट लावून अर्धा तास तापू दिलं, मग बंद करून नळी काढली आणि परत माप घेतलं. नियम मोडला, हो, मोडला. साडीला पेट्रोलचा वास, वर तापलेला पत्रा. शेठच्या पंपातून आधी नीट धार आली आणि मग सोड्याची बाटली फोडावी तसं नुसतं फसफसायला लागलं. पंप इंजिनाच्या उष्णतेत बसलेला, लांबून पेट्रोल ओढतोय, ते ओढता ओढताच उकळतंय आणि पंपाच्या तोंडी नुसती वाफ येतेय. मग नळी भंगारातल्या जोडीला लावली. ते दोघे मागे थंडाव्यात बसून पेट्रोल पुढे ढकलत होते. त्यांची धार सकाळच्याहून जराशीच कमी.

दादा आला तो भडकलाच. भर दुपारी पेट्रोल उघडं केलंस, गॅरेज जाळणार होतीस का, वगैरे. ते मी ऐकून घेतलं. मग वही पुढे केली. त्याने वाचली. दोनदा वाचली, मी बघत होते. त्याला कळलं नाही असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. थोडा वेळ तो गाडीभोवती फिरला आणि म्हणाला की शेठने एवढ्या हौसेने आणलेला पंप काढून तिथे भंगार लावा, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हटलं निदान तोच पंप मागे लाव. तर म्हणे मागे दिसणार कसा.

संध्याकाळी घरी त्याने कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. शेठला द्यायला तक्ता हवा होता. "सकाळचाच रकाना उतरव. तुझं अक्षर चांगलं आहे गं."

आणि मी उतरवला. कुणी हात धरला नव्हता माझा. टेबल मिळणार होतं ना.

शर्यत शहराबाहेर, एका जुन्या ओसाड धावपट्टीवर होती. दादाने मलाही नेलं. गाड्या उन्हात रांगेत उभ्या राहिल्या आणि प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. पाऊण तास इंजिनं नुसती गुरगुरत होती. मी दोराच्या अलीकडे उभी. आमच्या गाडीच्या पंपाची टकटक मला ओळखीची होती. ती हळूहळू जलद झाली, मग एकदम पिसाळल्यासारखी, म्हणजे पेट्रोल वाटेतच उकळून पंप नुसती वाफ ओढत होता. पंपावर टाकायला मी ओला टॉवेल घेऊन धावले, मला अडवलं, बायकांना आत सोडत नव्हते. झेंडा पडला, बाकीच्या गाड्या गेल्या. आमची दोन हात पुढे सरकली आणि मेली. दादाने पंपावर पाणी ओतून ती परत चालू केली तेव्हा बक्षिसं वाटून चालली होती.

शेठ आला. त्याच्या हातात तो तक्ता होता. तो ओरडला नाही, फक्त विचारलं की हे आकडे कोणाचे? दादाने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मोजमाप माझ्या बहिणीचं होतं, शेठ. अक्षर बघा तिचं."

अक्षर माझंच होतं, नाही कसं म्हणू? दुपारचा रकाना असलेली वही माझ्या पिशवीत होती. चेन उघडायची खोटी. पण दादाचा चेहरा असा झाला होता की माझा हात पुढे गेला नाही. शेठ हसला, म्हणाला बायकांच्या हाती कशाला देता असली कामं, आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन गेला. घरी आल्यावर मी आईजवळ तोंड उघडलं. आई तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "गप रव गो." भावाचं काम गेलं तर घर कोण चालवणार, हे तिने बोलून दाखवलं नाही इतकंच.

शर्यत पुरी झाली नाही तरी वर्कशॉप निघालं, कारण दोष माझ्या मापावर गेला होता. दादा हेड झाला. मी बाटल्या धुवत राहिले. घरात मात्र कायमचा विनोद झाला. लग्नाकार्यात कोणी म्हणायचं, हिला दूध मोजायला देऊ नका रे, गाडी बंद पडेल, आणि सगळे हसायचे. दादाही हसायचा. ते हसणं अजून माझ्या डोक्यात जातं.

दोनेक वर्षांनी खंडेनवमीच्या पूजेला मला तिथे जावं लागलं. गाड्यांना हार घातले होते. कोपऱ्यात एक टेबल, त्यावर स्टॉपवॉच आणि मोजपात्र. उभी असलेली शर्यतीची गाडी मी वाकून पाहिली, दोन पंप मागे टाकीच्या बुडाशी होते. भिंतीवर फळा होता. वाकड्यातिकड्या अक्षरात तीन तऱ्हा आणि दोन रकाने लिहिलेले, सकाळ आणि दुपार.

मी फळ्याकडे बघतेय हे दादाने पाहिलं. आता काहीतरी बोलेल, मला वाटलं. दोन वर्षं तेवढ्यासाठीच गप्प बसले होते. तो जवळ आला, पेढ्याचा हात पँटला पुसला आणि खडू माझ्यापुढे धरला.

"नीट लिहून दे ना गं हे. तुझं अक्षर चांगलं आहे."

तो खडू त्याच्या तोंडावर फेकायला हवा होता. मी फळा पुसला आणि लिहून दिलं, दुपारच्या रकान्यासकट, अगदी सुवाच्य.