बंद पडलेल्या मालिकेतले आम्ही पेशंट

मोसंबीच्या ढिगातलं खालचं एक फळ ओढलं की वरची धा घरंगळत पायाशी येतात. आमच्या मालिकेचं तसंच हाय. चहाच्या टपरीवर कुणी सहज विचारतं, "तात्या, ते शूटिंगचं काय झाल्तं?" मंग चहा निवतो, टपरीवाला वैतागतो, पण किस्से काही सरत न्हाईत. म्हणलं, एकदाचं कागदावर मांडून टाकावं. मही शाळा चौथीत सुटली. ज्याला ह्याच्यात चुका दिसतील त्यानं स्वतः लिहावं, मला शिकवू नये.

तर मालिका व्हती अवयव बदलणाऱ्या डॉक्टरांची. किडनी, लिव्हर, काळीज, एकाचं काढायचं अन् दुसऱ्याला बसवायचं. बदनापूरच्या पुढं रोडला दवाखान्याची एक इमारत कुणीतरी बांधून अर्धवट सोडल्ती. मुंबईवाल्यांनी ती भाड्यानं घेतली, रंग मारला, पलंग टाकले, वर झोकात बोर्ड लावला. डॉक्टर त्यांनी मुंबईहून आणले. पेशंट मात्र इथलेच पाहिजे व्हते.

मही काळीपिवळी जीप हाय. रोज सकाळी गावातून पेशंट भरायचे अन् शूटिंगला न्यायचे, हे काम मह्याकडं आलं. जाताना समदे धडधाकट. येताना कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात, कुणाच्या शर्टावर लाल रंग. कारण मेकअप काढत बसलं तर अंधार व्हायचा.

रोडवरचा हवालदार रोज जीप थांबवायचा, आत डोकवायचा अन् म्हणायचा, "तात्या, आज कुठं ठोकली?"

* * *

त्या वॉर्डात आम्ही समदे खोटे पेशंट. खरा एकच, सुदाम. मव्हा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या व्हत्या. डायलिसिसला जालन्याला मीच न्यायचो.

त्याची बायको कलाबाई. तिच्या तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, समदं बराबर जुळलं. डॉक्टर म्हणाले, "बाई देत असतील तर जल्दी करा. जितका उशीर, तितका धोका." कलाबाई एका पायावर तयार. पण हा गडी घ्यायला तयार न्हाई!

"तात्या, जन्मभर तिच्या हातची भाकर खाल्ली. आता काय तिला कापून खाऊ?"

मी समजावलं, शिव्या दिल्या, एकदा तर जीपमधून उतरवून रोडला उभा केला. न्हाई म्हंजे न्हाई. दिवसागणिक अंगावरची सूज वाढत चालली, चार पावलं चाललं की दम लागायचा, तरी न्हाई. कलाबाई मला म्हणाली, "भाऊ, शूटिंगला त्यांनाबी न्या. तिथं दिवसभर किडनीचंच चालतं. ऐकून ऐकून तरी डोक्यात शिरंल."

म्हणून मी दोघांलाबी पेशंट केलं.

* * *

पहिल्याच दिवशी डायरेक्टरनं कॅमेऱ्याला जोडलेल्या टीव्हीत सुदामाचा हात बघितला. डायलिसिससाठी डॉक्टरांनी त्याच्या हातातली शीर दुसऱ्या शिरेला जोडलेली व्हती. ती फुगून दोरखंडासारखी वर आल्ती. डायरेक्टर मेकअपवाल्या पोरीवर खेकसला, "काय केलंय हे? बिलकुल नकली वाटतं! कमी कर!"

पोरगी म्हणाली, "सर, मी अजून हातच लावला नाही."

डायरेक्टर उठून आला. सुदामानं त्याचा पंजा धरून आपल्या शिरेवर ठेवला. ती शीर घुरघुरती, मांजर झोपल्यावर घुरघुरतं तशी. डायरेक्टरनं पंजा झटकन मागं घेतला. तोंडचं पाणी पळालं त्याच्या.

सुदाम म्हणाला, "घाबरू नका साहेब. गावातली लाईट जाती, पण ही मोटर बंद पडत न्हाई."

* * *

बोर्ड दवाखान्याचा म्हणल्यावर लोक येणारच. एक दिवस अंबडकडचा एक माणूस मोटरसायकलवर आईला घेऊन आला. म्हातारी तापानं फणफणल्ती. पायरीवर आमचा हिरो उभा. पांढरा कोट, गळ्यात नळी, रुबाब असा की कुणालाबी वाटावं हाच मोठा सर्जन. म्हातारीनं सरळ त्याचा हात धरला. "बघ रं बाबा, किती ताप हाय!"

हिरो पांढराफटक. इकडं बघतो, तिकडं बघतो, तोंडातून शब्द फुटंना.

आमच्या वॉर्डात गयाबाई म्हणून एक व्हती, जिभेला हाड नसलेली. ती पायरीवरून म्हणाली, "आजी, लई मोठा डॉक्टर हाय. पण लिहून दिल्याबिगर एक शब्द बोलत न्हाई!"

मंग मी म्हातारीला जीपमधी घालून बदनापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. हिरो त्याच कोटात मह्या शेजारी येऊन बसला. म्हातारीची सलाईन संपस्तोवर तिथून हलला न्हाई. मुंबईचं असलं तरी पोरगं चांगलं व्हतं. हे मी सहजासहजी कुणाला म्हणत न्हाई.

* * *

मला त्यांनी मेंदू मेलेला पेशंट केलं. बायको म्हणाली, "ह्याला ॲक्टिंग कशाला लागती?" असो.

सीन असा: मी पडलेलो, नाकात नळी. डॉक्टर म्हणतात मेंदू गेला, अवयव द्या. गयाबाई मही बहीण. तिनं मह्या पायाशी बसून नुसतं डोळ्याला पदर लावायचा.

"ॲक्शन" म्हणल्याबरोबर बाईनं जो हेल काढला! "मह्या भावा रं, आता मला माहेराला कोण नेईल रं! तुही जीप कोण चालवील रं! तू तोंडाचा कडू व्हता रं, पण मनाचा गोड व्हता रं!"

मला हसू आवरंना. नळीसकट पोट हलून राह्यलं. डायरेक्टर ओरडला, "कट! मावशी, आवाज नको! मुकाट्यानं रडा!"

गयाबाई डोळे पुसून म्हणाली, "साहेब, सख्खी बहीण मुकाट्यानं रडली तर लोक म्हणतील, शेताच्या वाटणीवरून बिनसल्तं!"

डायरेक्टरनं थोडा विचार केला अन् म्हणाला, "ठीक आहे, रडा." तो सीन टीव्हीवर दाखवला. मही बहीण टेंभुर्णीला राहती. तिनं फोन करून पहिलं हेच विचारलं, "तुह्या पायाशी ती कोण बसल्ती? मला काहून न्हाई बोलावलं?"

* * *

आता मुद्द्याचं.

मालिकेत सुदामाची गोष्ट जशीच्या तशीच निघाली. नवऱ्याची किडनी गेलेली, बायको द्यायला तयार, नवरा अडून बसलेला. शेवटी हिरो समजावतो अन् नवरा म्हणतो, "घेतो मी. तिची किडनी घेतो." एवढंच वाक्य. नवऱ्याच्या जागी सुदाम, बायकोच्या जागी मुंबईची नटी. कलाबाई बाजूच्या पलंगावर, खोटी सलाईन लावून.

हिरोनं झकास समजावलं. मलाबी भरून आलं. सुदामाची पाळी आली अन् गडी मुका!

"रिटेक!"

पुन्हा मुका. डायरेक्टर वैतागला. "काका, पाच शब्द आहेत. विसरता कसे?"

"विसरलो न्हाई साहेब. म्हणणार न्हाई."

"अहो, ही ॲक्टिंग आहे!"

"ॲक्टिंग तुमच्यात असंल. हे समदं गाव बसलंय इथं. चारचौघांत शब्द तोंडातून गेला की तो दिला. पुन्हा मला फिरवता येत न्हाई."

आमच्याकडं अजून असंच हाय. सोयरीक असू, जमीन असू, चार माणसांपुढं म्हणलं की संपलं. कागद नंतर. मुंबईवाल्याला हे कळंना. वाक्य बदलून बघितलं, नटीला रडायला लावून बघितलं. दुपार टळली. जेवणाचे डबे तसेच. वॉर्डातले पेशंट भुकेनं खरेच आजारी दिसायला लागले.

शेवटी गयाबाई पलंगावरून कडाडली, "म्हण की रं बाबा! वरण थंड होऊन राह्यलं!"

सुदामानं नटीकडं बघितलं न्हाई. तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं, कलाबाईकडं. ती छताकडं बघत पडल्ती. तोंडावर काही न्हाई.

"घेतो," सुदाम म्हणाला. "तिची घेतो."

"ओके!" डायरेक्टर नाचलाच. समद्यांनी टाळ्या वाजवल्या.

कलाबाईनं हातातली खोटी सलाईन उपटली, पलंगावरून उतरली, वॉर्डाच्या मधोमध उभी राह्यली अन् विचारलं, "ऐकलं का समद्यांनी?"

* * *

अन् मालिका बंद पडली! तो सीन दाखवायच्या आधीच. कुणी बघत न्हाई म्हणे. मुंबईवाले पलंग घेऊन गेले, बोर्ड उतरला. हिरव्या रंगाचे पेशंटचे झगे तेवढे आमच्याकडं राह्यले.

सुदाम लगेच उलटला. "दाखवलंच न्हाई, मंग शब्द कसला? जी गोष्ट टीव्हीवर आली न्हाई ती झालीच न्हाई!"

कलाबाई भांडली न्हाई. मह्या घरी आली. "भाऊ, जीप काढा. वॉर्ड गोळा करायचाय."

सांगतो म्हणून खोटं वाटंल. दुसऱ्या दिवशी सकाळी सुदाम दात घासत बाहेर आला तर अंगणात आख्खा वॉर्ड! समदे हिरवे झगे घालून, जो जिथं पडायचा त्याच रांगेत मांडी घालून बसलेले. गयाबाई पहिली.

सुदाम म्हणाला, "हे काय?"

कलाबाई म्हणाली, "टीव्हीनं दाखवलं नसंल. ह्यांनी बघितलं हाय."

मी माणूस फटकळ. मी म्हणलं, "सुदाम्या, शब्द मोडायचा असंल तर खुशाल मोड. पण आजपासून मह्या जीपमधी बसायचं न्हाई. डायलिसिसला यष्टीनं जा, अन् मेल्यावरबी मह्या खांद्याची वाट बघू नको."

सुदामानं ब्रश कट्ट्यावर ठेवला. मंग चूळ भरली. म्हणाला, "कपडे तरी बदलू देसाल का न्हाई?"

* * *

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी एक कमिटी बसती. किडनी देणारा राजीखुशीनं देतो का जबरदस्तीनं, हे विचारतात अन् त्याची व्हिडिओ शूटिंग करतात. आमची माणसं आत गेली, दार उघडं व्हतं, मी बाहेरून बघत व्हतो.

मोठे डॉक्टर म्हणाले, "बाई, घाबरू नका. कॅमेऱ्याकडं लक्ष देऊ नका."

कलाबाई म्हणाली, "कॅमेऱ्याचं काही न्हाई साहेब. पण खिडकी मह्या पाठीमागं हाय. तोंड काळं येईल. पलीकडं बसू का?"

कमिटीवाले एकमेकांकडं बघायला लागले. खुर्ची फिरवली. मंग तिनं सांगितलं, कुणी जबरदस्ती केली न्हाई, मी मह्या मनानं देती. सुदामाला विचारलं, घेता का? तो खणखणीत म्हणाला, "घेतो!" एका टेकमधी.

अन् वर विचारतो, "साहेब, हे तरी दाखवणार का न्हाई?"

* * *

ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकड्यावर मी अन् गयाबाई. ती बाई एवढा वेळ गप बसलेली मी जन्मात बघितली न्हाई. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा कपडा काढला अन् म्हणाले, "दोघंही चांगले आहेत. किडनी लगेच कामाला लागली." गयाबाईनं तिथंच हेल काढला. ह्या वेळेला कुणी कट म्हणलं न्हाई.

सुदामाला काचेच्या खोलीत ठेवल्तं. आत कुणाला सोडत नव्हते. कलाबाईला जरा चालता यायला लागल्यावर मी तिला धरून काचेपाशी आणलं. आत सिस्टर सुदामाला चमच्यानं डाळतांदळाची खिचडी भरवून राह्यली. आता बाई डोळ्यांत पाणी आणील, हात हलवील, असं मला वाटलं.

तिनं काचेवर टकटक केलं. सिस्टर घाबरून दारात आली. "काय झालं मावशी? दुखतंय का?"

"आज सोमवार न्हवं?"

"हो, सोमवार. का?"

"पोरी, कुवारपणापासून मव्हा सोमवारचा उपास हाय. आज दिवसभर मी खिचडीला शिवत न्हाई. अन् तू तिकडं मह्या किडनीला चारून राह्यली!"

सिस्टरला हसावं का डॉक्टरला बोलवावं, कळंना. निरोप आत गेला. सुदाम हसला, हसल्यानं टाके दुखले, म्हणून त्यानं काचेतूनच बायकोला शिव्या दिल्या अन् राह्यलेली खिचडी खाऊन टाकली. डॉक्टरनं सांगितलंच व्हतं, खाणं बुडवायचं न्हाई.

आता तो गावात हाय. तोंडाला कपडा बांधून बांधापर्यंत फिरतो, गोळ्या टायमावर घेतो. परवा आमच्याकडं आल्ता. मह्या बायकोनं गरम भाकर अन् पिठलं वाढलं. त्यानं ताट हळूच बाजूला सरकवलं अन् म्हणाला, "वहिनी, भगर असंल तर द्या. गोळी घ्यायचीय."

मी म्हणलं, "आरं, शिवरातीलाबी मटण हुडकणारा माणूस तू! तुव्हा कव्हापासून सोमवार?"

"मव्हा कुठं हाय?" सुदाम म्हणाला. "तिचा हाय."