डांबराखालचं चेंबर

शुक्रवारी सकाळी गोटीराम अहिरे टेम्पोतून उतरला, तेव्हा पंचवटीतल्या भाजीबाजारामागची ती गल्ली ओळखू येत नव्हती. रस्ता काळाभोर आणि गुळगुळीत होता, डांबराचा वास अजून गेला नव्हता. गोटीरामला त्याचं कौतुक वाटलं नाही. या थराखाली गटाराची चार चेंबरं गाडली गेली आहेत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

या गल्लीत झाकणं उचलायची त्याची ही तिसरी खेप. डांबराचा नवा थर पडला की रस्ता चार बोटं वर येतो आणि झाकणं खालीच राहतात. मग वरचं डांबर फोडायचं, झाकण बाजूला काढायचं, चेंबरच्या तोंडाला सिमेंटचा थर चढवायचा आणि झाकण रस्त्याच्या बरोबरीनं बसवायचं. चांदवडकडून शहरात आला तेव्हा तो घरं बांधायला आलेला गवंडी होता. वर्षभरात ते बांधकाम बंद पडलं, एका ठेकेदारानं त्याला चेंबरांच्या कामावर लावलं, आणि त्यानंतरची एकतीस वर्षं गोटीरामनं रस्त्यातच बसून काढली. गुडघे गेले, पाठ गेली. ब्रेकर मशीनच्या आवाजानं कान गेले, ते मात्र त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

खरं तर डांबर पडायच्या आधीच त्यानं चेंबरांच्या समोरच्या भिंतींवर रंगाच्या खुणा करायच्या होत्या. डांबर टाकायचं मशीन गुरुवारी येणार होतं, ते मंगळवारीच आलं. सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे सगळीकडे घाई. एका ठिकाणचं काम उरकलं की मशीन दुसरीकडे घुसवायचं, असा ठेकेदाराचा खाक्या. त्या दिवशी गोटीराम सिडकोत होता. आणि आता गल्लीतल्या लंकाबाईंच्या न्हाणीत गटाराचं पाणी उलटं यायला लागलं होतं.

लंकाबाई दारात नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "दोन दिस झाले रे बाबा. घरात बसवत नाही."

"काका, जागा आठवतेय ना तुम्हाला?" तेजस्विनी मॅडमनी विचारलं. महापालिकेत नव्यानं लागलेली ही इंजिनियर पोरगी दिवसाला सात-आठ गल्ल्या फिरत होती आणि तिचाही चेहरा उतरलेला होता.

"हाय ना मॅडम. खांबासमोर, दोन पावलं आत."

मॅडम पुढच्या गल्लीत गेल्या. गोटीरामनं विजेचा खांब शोधला. खांब होता, पण नवा, आणि जुन्या जागेपासून बराच पुढे सरकवलेला. जुना कुठे होता, ते आता भिंतीकडे बघूनही कळत नव्हतं.

मग त्यानं पहार घेतली. पहार उभी धरायची, हातभर उचलायची आणि सोडायची. खाली भरीव असेल तर ठक्क वाजतं, चेंबर असेल तर पोकळ. या आवाजावर त्यानं आजवर शेकडो झाकणं काढली होती. तो वाकून एकेक पाऊल सरकत राहिला. सगळीकडे एकसारखंच ऐकू येत होतं, कापसाच्या गादीवर पहार पडावी तसं. त्याच्या मागून बयाबाई घमेलं घेऊन चालत होती. ती नऊ वर्षं त्याच्यासोबत बिगारी म्हणून काम करत होती.

शेवटी त्यानं अंदाजानं एक जागा धरली. "हितंच."

घण पडायला लागले तशी आजूबाजूची दारं उघडली. समोरचा सोमनाथ धावत आला. या रस्त्यासाठी त्यानं चार वर्षं अर्ज केले होते.

"ओ मामा, काय करताय? तीन दिवस नाही झाले रस्त्याला!"

"चेंबर हाय खाली."

"मग आधी का नाही बघितलं? आम्ही रस्त्यासाठी चपला झिजवायच्या आणि तुम्ही फोडायचा!"

गोटीरामकडे उत्तर होतं, पण ते सांगायचा त्याला कंटाळा आला. असली उत्तरं त्यानं आजवर गल्लोगल्ली दिली होती. तो घण मारत राहिला. दीड फूट खाली गेल्यावर नुसती खडी आणि माती लागली. चेंबर नव्हतंच.

सोमनाथनं मोबाइल काढून खड्ड्याचा फोटो घेतला. गोटीराम खड्ड्याच्या काठावर बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

बयाबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, मघाशी त्या पायरीपाशी पोकळ वाजलं होतं."

"मंग बोलली का नाय?"

"मला वाटलं, तुमाला ऐकू आलं आसंल. तुमी पुढं गेले, मंग म्या गप बसले."

त्याला रागवावंसं वाटलं, पण रागवायला तिची चूक नव्हती. त्यानं पहार तिच्याकडे सरकवली. "तू वाजव. मला नाय ऐकू येत."

"कवाधरनं?"

"लय दिस झाले."

तिनं घमेलं खाली ठेवून पहार घेतली. लंकाबाईंच्या पायरीपाशी तिनं पहार टाकली, जरा डावीकडे टाकली, परत टाकली. "हितं फोडा." दहा-बारा घावांत लोखंडी कड दिसली. दोघांनी मिळून झाकण उपसलं. आत साचलेला गाळ आणि प्लॅस्टिक बांबूनं ढोसून मोकळं केल्यावर पाणी घळाघळा वाहून गेलं. लंकाबाई आत जाऊन न्हाणी बघून आल्या आणि दोघांसाठी चहा टाकायला वळल्या.

मॅडम आल्यावर गोटीरामनं दोन्ही खड्डे दाखवले. "ह्यो पहिला माझ्या चुकीचा. मला कानानं भागत नाय आता. चेंबर बयाबाईनं काढलं. तिला गवंड्याच्या पगारावर धरा."

"ठेकेदाराशी बोलते काका," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कान दाखवून घ्या."

त्या बोलल्याही. ठेकेदारानं हो-हो म्हटलं आणि कागदावर बयाबाई बिगारीच राहिली. चुकीचा खड्डा आठवड्यानं बुजवला, तिथं उंचवटा आला. सोमनाथ मुद्दाम त्यावर स्कूटर लावतो.

गल्लीतली उरलेली तीन चेंबरं बयाबाईनं आवाजावर शोधली. पुढच्या वॉर्डात तिनं एका सकाळी पहार खाली टाकली आणि कमरेवर हात ठेवले. "पहार बी म्या वाजवायची, घमेलं बी म्याच उचलायचं. भाऊ, हे काय बरं नाय."

गोटीराम उठला, घमेल्यात सिमेंट भरलं आणि गुडघा धरून तिच्या मागून चालायला लागला.